‘आर्ग्युमेंट’, वाद आणि हुज्जत : घाटाखालच्या दोन तालुक्यांतून एका शब्दाकडे पाहताना

१

कर्जत किंवा खालापूर येथील न्यायालयाच्या आवारात थोडा वेळ उभे राहिले, तर एक इंग्रजी शब्द वारंवार कानी पडतो. ‘पुराव्याचं काम संपलं, आता तारीख आर्ग्युमेंटला’ असे वकील पक्षकाराला सांगतात, आणि पक्षकारही गावी परतल्यावर ‘आर्ग्युमेंट बाकी आहे’ असेच सांगतो. त्याला इंग्रजी येत असेलच असे नाही; पण हा शब्द म्हणजे खटल्यातला शेवटचा टप्पा, ज्यात आपल्याला काही करायचे नसते आणि वकिलाला सर्व काही करायचे असते, एवढे त्याला नेमके ठाऊक असते. याच पक्षकाराचा मुलगा मुंबईच्या लोकलने कामाला जात असेल, तर त्याच्या तोंडी याच शब्दाचे क्रियापद दुसऱ्या अर्थाने येते. ‘साहेबाशी आर्ग्यू करू नको’, ‘आईशी आर्ग्यू करतोस?’ येथे आर्ग्यू करणे म्हणजे उलट उत्तर देणे, अरेला कारे करणे, पायरी सोडून बोलणे.

नाम न्यायालयात आले ते प्रतिष्ठा घेऊन आले. क्रियापद घरात आणि कचेरीत आले ते उद्धटपणाचा आरोप घेऊन आले. दोन्ही मूळ एकाच धातूची रूपे आहेत. मग मराठीने त्यांची अशी वाटणी का केली? उसना शब्द हा बहुधा रिकाम्या जागी येऊन बसतो, असे आपण मानतो. प्रस्तुत शब्दाच्या बाबतीत जागा रिकामी नव्हती. वाद, विवाद, युक्तिवाद, तंटा, भांडण, हुज्जत, तक्रार असा भरगच्च शब्दसंग्रह मराठीत होता आणि आहे. तेव्हा प्रश्न शब्दाच्या अभावाचा नसून बोलणाऱ्याच्या अधिकाराचा असावा, असा या निबंधाचा तर्क आहे. कोणाचे बोलणे ‘युक्तिवाद’ ठरते आणि कोणाचे ‘हुज्जत’, हे ठरविणारी व्यवस्था काळानुसार बदलत गेली. आणि त्या बदलाच्या खुणा शब्दांवर उमटल्या.

२

प्रथम इंग्रजी शब्दाकडे पाहू. ‘आर्ग्यू’चे मूळ लॅटिन ‘आर्गुएरे’ या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ स्पष्ट करणे, उघड करणे, आणि त्याच ओघात दोष उघड करणे, आरोप ठेवणे असा होतो. चांदीसाठी असलेल्या ‘आर्जेंटम’ या लॅटिन शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते; दोहोंच्या मुळाशी झळाळी, उजळपणा ही कल्पना आहे. म्हणजे हा शब्द जन्मतःच दुहेरी होता. अंधारातली गोष्ट उजेडात आणणे हे त्याचे एक अंग आणि उजेडात आणून कोणाला तरी दोषी ठरविणे हे दुसरे. जुन्या फ्रेंचमार्गे तो मध्ययुगीन इंग्रजीत आला तेव्हा ही दोन्ही अंगे त्याच्याबरोबर आली. ‘आर्ग्युमेंट’ या नामाला आणखी एक अर्थ होता : एखाद्या रचनेचा विषय किंवा कथासार. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ला १६६८ मध्ये प्रत्येक सर्गाची जी गद्य सारे जोडली गेली, त्यांना ‘आर्ग्युमेंट’ असेच नाव आहे. या अर्थाने तो शब्द मराठीत आला नाही. वास्तविक पूर्वीच्या मराठी दप्तरांतला ‘करीना’ हा शब्द, म्हणजे हकीकतीचे आरंभापासून केलेले सुसंगत कथन, या अर्थाच्या बराच जवळ होता.

इंग्रजीतील इतर सजातीय शब्दही पाहण्यासारखे आहेत. ‘डिबेट’च्या मुळाशी मारणे, ठोकणे हा अर्थ आहे, ‘डिस्कस’च्या मुळाशी हलवून सुटे करणे, ‘क्वारल’च्या मुळाशी गाऱ्हाणे, ‘पोलेमिक’च्या मुळाशी तर ग्रीक भाषेतले युद्धच आहे. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये असे दाखविले की इंग्रजीत वादाविषयी बोलताना युद्धाचे रूपक सर्वत्र पसरलेले असते. पवित्रा घेणे, हल्ला चढविणे, बचाव करणे, जिंकणे ही सर्व त्या रूपकाचीच अंगे.

मराठीत युद्धाचे रूपक नाही असे नव्हे. पण आपली नित्याची क्रियापदे वेगळी आहेत. वाद पेटतो, चिघळतो, उकरून काढला जातो, रंगतो आणि मिटतो. म्हणजे तो कधी आग असतो, कधी जखम, कधी पुरलेली वस्तू, कधी खेळ. तंटा मात्र तोडला जातो; गाठ सोडवीत न बसता घाव घालून निकाल लावावा तसा. मुद्द्याची क्रियापदे याहून निराळी : तो मांडला जातो, खोडून काढला जातो, पटतो. मांडणे आणि खोडणे ही लिहिणाऱ्याची, हिशेब ठेवणाऱ्याची क्रियापदे आहेत. वादाची रूपके देहाची आणि गावाची, तर मुद्द्याची रूपके पाटी-लेखणीची, हा फरक केवळ शैलीचा नाही. त्यात बोलणाऱ्यांचे दोन वर्ग सुचविलेले आहेत.

३

आपल्या परंपरेत वादाचा विचार शास्त्र म्हणून झाला, तो न्यायदर्शनात. न्यायसूत्रांनी कथेचे तीन प्रकार मानले. तत्त्वनिर्णयासाठी केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी, प्रसंगी छल-जातींचा आधार घेऊन केलेला तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडणे ती वितंडा. यांतील शेवटच्या दोहोंचे अवमूल्यन करून सूत्रकार थांबत नाहीत. कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसा तत्त्वरक्षणासाठी जल्प आणि वितंडा यांचाही उपयोग असतो, अशी त्यांची भूमिका आहे.

मराठीत उतरताना या शब्दांचे काय झाले? ‘वितंडवाद’ हा निरर्थक भांडखोरपणाचा पर्याय झाला, ‘जल्प’ बडबडीच्या कुळात गेला आणि ‘वाद’ या एकाच शब्दावर तिन्हींचा भार पडला. आज तोच शब्द चर्चेला, भांडणाला, दिवाणी दाव्याला आणि विचारप्रणालीला लागतो. वास्तववाद, अस्तित्ववाद, मार्क्सवाद या शब्दांतला ‘वाद’ हा समीक्षेच्या रोजच्या वापरातला. एखादी भूमिका आणि तिच्याविषयीचे भांडण या दोहोंना एकच नाव असल्यामुळे मराठी समीक्षेत भूमिकेला पुष्कळदा भांडणाचा वास येतो, असे कोणी म्हटले तर ते सर्वस्वी खोटे ठरणार नाही.

फार्सी-अरबी मार्गाने आलेल्या शब्दांची कहाणी याहून बोलकी आहे. ‘हुज्जत’ या शब्दाचा अरबीतील मूळ अर्थ पुरावा, प्रमाण, निर्णायक युक्ती असा आहे. मराठीत हुज्जत घालणारा मनुष्य म्हणजे मुद्दा नसताना हट्टाने बोलत राहणारा. ‘तक्रार’चा मूळ अर्थ पुनरुक्ती, आपल्याकडे ती गाऱ्हाणे झाली. पुन्हा पुन्हा सांगावे लागते ते गाऱ्हाणेच, असा यातला अनुभव असावा. ‘कैफियत’ म्हणजे स्थिती, अवस्था. ती दप्तरात वृत्तान्ताचे नाव झाली आणि पुढे न्यायालयात प्रतिवादीच्या लेखी उत्तराचे. ‘मुद्दा’ हा मूळ दावा, प्रतिपादन. त्याची प्रतिष्ठा तेवढी टिकली. प्रमाणवाचक शब्दाने हट्टाचा अर्थ धारण करावा, हे अर्थापकर्षाचे साधे उदाहरण म्हणून सोडून देता येईल. परंतु पुरावा देणाऱ्याचे बोलणे ऐकणाऱ्याला जेव्हा हट्ट वाटू लागते, तेव्हाच असा अपकर्ष संभवतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

४

मराठेशाहीतील न्यायनिवाड्याच्या कागदपत्रांत दोन्ही पक्षांसाठी ‘अग्रवादी’ आणि ‘पश्चिमवादी’ असे शब्द आढळतात. आधी बोलणारा तो अग्रवादी, मागून बोलणारा तो पश्चिमवादी. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात ही पद्धती तपशिलाने मांडली आहे. पक्षकारांच्या तकरिरी लिहून घेतल्या जात, गोही म्हणजे साक्षीदार बोलत, गोतसभा वा मजालस निर्णय करी, महजर होई, हरणाऱ्याकडून हार मान्य केल्याचे यजितखत घेतले जाई. जिंकणारा हरकी देई, हरणारा गुन्हेगारी. या व्यवस्थेचे गुणगान करण्याचे कारण नाही. गोतसभेत स्त्रिया आणि अस्पृश्य यांचे स्थान काय होते, दिव्यासारख्या प्रमाणांचा आधार केव्हा घेतला जाई, हे सर्व ज्ञात आहे. आपल्या विषयापुरता महत्त्वाचा मुद्दा एवढाच की वाद करणारा आणि ज्याचा वाद तो, हे दोघे एकच होते. धंदेवाईक वकिलांचा वर्ग तेव्हा नव्हता. ‘वकील’ हा शब्द होता. पण तो एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेल्या प्रतिनिधीचा, म्हणजे राजदूताचा वाचक होता.

१८१८ नंतर कोकण कंपनीच्या अमलाखाली गेले आणि १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने मुंबई इलाख्यातील न्यायालयांची व त्यांतील सनदी वकिलांची रीत बसविली. राजदूताचे नाव न्यायालयात आले. पक्षकार हे जणू परके राज्य आणि न्यायालय हा जणू दरबार. दोहोंमध्ये भाषा जाणणारा मध्यस्थ हवा. ‘आर्ग्युमेंट’ हा शब्द मराठीत शिरला तो या मध्यस्थाच्या कामाचे नाव म्हणून. पक्षकाराचे बोलणे ‘जबानी’त संपले, त्या बोलण्याचा अर्थ लावण्याचे काम वेगळ्या माणसाकडे आणि बहुधा वेगळ्या भाषेकडे गेले. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कचेऱ्या आणि न्यायालये यांत निरक्षर कुणब्याची होणारी नागवणूक हा एक मध्यवर्ती विषय आहे, तो उगाच नव्हे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ या म्हणीतले शहाणपण या अंतरातूनच निपजले असावे.

५

याच शतकात वादाला दुसरे एक सार्वजनिक क्षेत्र मिळाले. १८३० च्या सुमारास जॉन विल्सन आणि शास्त्रीमंडळी यांच्यात मुंबईत धर्मविषयक वाद झाले. मोरभट दांडेकर यांचे ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ आणि विल्सन यांचे त्यावरील इंग्रजी उत्तर ही त्याची फळे. १८५७ च्या आरंभीच्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जी मालिका चालली, ती या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. बुवा (१८२५-१८७१) आजच्या रायगड जिल्ह्यातील शिरवली गावचे, पाठशाळेचे वा कॉलेजचे पांडित्य नसलेले. जॉर्ज बोवेन यांनी संपादिलेल्या इंग्रजी वृत्तान्ताच्या नावात ‘डिस्कशन्स’ हा शब्द आहे; मराठी पुस्तकाचे नाव ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ असे आहे. सुटे करून तपासणे हा इंग्रजी शब्दातला भाव मराठीत पक्ष-प्रतिपक्षाचा झाला. भाषांतराची ही चूक नव्हे. वाळूवर जमलेल्या श्रोत्यांनी जे पाहिले त्याला मराठीने दिलेले ते नाव आहे. सनद नसलेला मनुष्य स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या तोंडाने, सत्तेच्या जवळ असलेल्यांशी वाद करू शकतो, हे त्या किनाऱ्यावर दिसले.

गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘शतपत्रे’ लिहिताना घेतलेले ‘लोकहितवादी’ हे नावही येथे आठवते. त्यातला ‘वादी’ बोलणारा आहे, बाजू मांडणारा आहे. पुढच्या ‘समाजवादी’, ‘गांधीवादी’ या शब्दांतला अनुयायी नव्हे, आणि दाव्यातला फिर्यादीही नव्हे.

न्यायालयीन वाद आणि सार्वजनिक वाद हे दोन प्रवाह कुलाबा जिल्ह्यात एकदा विलक्षण रीतीने एकत्र आले. महाडच्या चवदार तळ्याच्या प्रकरणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध १९२७ च्या डिसेंबरात दावा गुदरला गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो अखेर निकालात काढला. प्रतिपक्षाचा आधार होता ‘अनादि काळापासूनची वहिवाट’ हा. ती वहिवाट अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने ठरविले. सत्याग्रहात तळ्याचे पाणी पिणे ही कृती होती. न्यायालयात त्या कृतीचा युक्तिवाद झाला. येथे प्रतिवादी स्वतःच कायदेपंडित होता. ज्याचा वाद तोच वाद करणारा, ही जुनी एकरूपता नव्या न्यायालयाच्या भाषेत पुन्हा साधली गेली, आणि ती ज्यांना गोतसभेने कधी ऐकले नव्हते त्यांच्या बाजूने साधली गेली.

६

आता कर्जत-खालापूरकडे परत येऊ. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा भाग. १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये कर्जत ठाणे जिल्ह्यात आहे, पुढे तो कुलाब्यात आला, आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली, १८६३ मध्ये बोरघाट चढून वर गेली. १९१५ मध्ये खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. मुंबईशी इतका निकट असलेला हा मुलूख ठाकर, कातकरी आणि कुळे यांचा होता.

विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका नाभिक कुटुंबात झाला. ते कायद्याचे पदवीधर, माथेरान नगरपालिकेत उपाध्यक्ष. सावकारीत अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठीचा उपक्रम त्यांनी चालविला. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात त्यांना व हिराजी पाटील यांना मरण आले. वकिलाने युक्तिवाद सोडून मनोऱ्याला हात घातला, असे त्यांच्या चरित्राचे सोपे वाचन करता येईल. अधिक न्याय्य वाचन असे की ज्या व्यवस्थेत आपल्या पक्षाचे बोलणे पोचण्याची वाटच बंद आहे, तेथे ‘आर्ग्युमेंट’च्या मूळ अर्थाकडे, म्हणजे उघड करण्याकडे, त्यांची कृती वळली. मुंबईचा उजेड कोठून जातो, हे त्या कृतीने उघड केले.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. पण बोलण्याच्या अधिकाराचा प्रश्न सुटला नाही. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला आणि कसणारा कूळ त्या दिवशी जमिनीचा खरेदीदार मानला गेला. कायदा निःसंशय कुळाच्या बाजूचा होता. तथापि कलम ३२-ग अन्वये शेतजमीन न्यायाधिकरणापुढे कुळाने हजर होऊन खरेदीची तयारी सांगावी लागे. कूळ हजर न राहिल्यास, किंवा तयारी नाही असे त्याने म्हटल्यास, खरेदी निष्प्रभावी ठरविण्यात येई. अनुपस्थितीत झालेल्या आदेशाचा मुदतीत फेरविचार मागता येई, हे खरे. परंतु कलमाच्या रचनेत गैरहजेरी आणि नकार ही दोन्ही एका पंक्तीत बसली होती. न बोलणे म्हणजे नको म्हणणे, असा अर्थ कायद्याने लावला. खोताच्या वा सावकाराच्या वाड्यावर ‘तोंड वर करून बोलू नये’ हे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले, त्याच्या मौनाचा असा अर्थ लावणे किती धोक्याचे असते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. घरातले ‘आर्ग्यू करू नको’ आणि कचेरीतले ‘तुझे म्हणणे काय?’ यांमधली दरी त्या एका कलमात सामावलेली आहे.

७

भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि परिभाषा घडविण्याचे काम सुरू झाले. त्या परिभाषेत दाव्याच्या अर्जाला ‘वादपत्र’, कैफियतीला ‘लेखी कथन’, न्यायालयाने काढलेल्या मुद्द्यांना ‘वादप्रश्न’, आणि आर्ग्युमेंटला ‘युक्तिवाद’ हे शब्द आले. १९९८ च्या अधिसूचनेने कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. तरीही आवारात आजही दावा, कैफियत, मुद्दे आणि आर्ग्युमेंट हेच शब्द चालतात. हा तीन राजवटींचा थर आहे : संस्कृत घडणीचा शब्द कागदावर, फार्सी शब्द व्यवहारात, इंग्रजी शब्द शेवटच्या टप्प्यावर. शुद्धीच्या आग्रहाने यात फरक पडणार नाही. ‘युक्तिवाद’ म्हटल्याने तो पक्षकाराचा होत नाही; तो पक्षकाराला कळेल अशा भाषेत झाला, तर नाव काहीही असले तरी चालेल.

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत, हा तिचा हेतू स्तुत्य होता आणि खर्च व तारखा यांनी पिचलेल्या माणसाला त्यात दिलासाही होता. शब्दाच्या अभ्यासकाने मात्र येथे एक शंका नोंदविली पाहिजे. मोहिमेने ‘तंटा’ हा शब्द निवडला, ‘वाद’ हा नव्हे, ही निवड योग्यच होती. तंट्यापासून मुक्त होणे इष्ट आहे. वादापासून मुक्त झालेले गाव मात्र शांत असेलच असे नाही, ते गप्प असू शकते. एखाद्या कातकरी वाडीचे वहिवाटीविषयीचे म्हणणे तंटा मानायचे की वाद, हे कोण ठरविणार, या प्रश्नावर सामोपचाराचे मोल अवलंबून आहे.

या पार्श्वभूमीवर २००६ च्या वनहक्क कायद्यातील एक तरतूद भाषिक दृष्टीनेही लक्षणीय वाटते. त्या कायद्याच्या नियमांत दाव्याच्या पुराव्यांमध्ये दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथनही ग्राह्य धरले आहे, आणि पहिली पडताळणी ग्रामसभेत होते. डोंगरउतारावर कोण कधीपासून नाचणी-वरी पिकवतो, हे सांगणारा वृद्ध ठाकर हा येथे केवळ जबानी देणारा नाही. त्याचे सांगणे हे प्रमाण आहे. म्हणजे ‘हुज्जत’ या शब्दाचा हरवलेला अरबी अर्थ एका कायद्याने, नकळत, त्याला परत दिला आहे. मात्र हे प्रमाण वरच्या समित्यांच्या कागदांत कितपत टिकते, यावर त्याचे खरे मूल्य ठरेल.

इंग्रजी शब्दाने आपल्याला नवी संकल्पना दिली असे या विवेचनावरून म्हणता येत नाही. उघड करणे आणि दोष देणे हे त्याचे मूळचे दोन अर्थ आपण आपल्या समाजरचनेनुसार वाटून घेतले : पहिला सनद असलेल्यांना दिला, दुसरा नसलेल्यांच्या माथी मारला. वरिष्ठापुढे बोलणाऱ्या मुलाला, कुळाला, सुनेला ‘आर्ग्यू करू नको’ असे बजावले जाते, तेव्हा त्याचा मुद्दा खोडला जात नाही; तो मांडण्याआधीच त्याला हुज्जतीच्या खात्यात जमा केले जाते. न्यायसूत्रांनी काटेरी कुंपणालाही उपयोग मानला होता. आपल्या समीक्षेने आणि इतिहासलेखनाने एवढे तरी करावे, की ज्या बोलण्याला दप्तराने तंटा, तक्रार वा हुज्जत म्हटले आहे, त्यात वाद शोधून पाहावा. कर्जत-खालापूरच्या कागदांत तो सापडेल, आणि कागदांच्या बाहेर अधिक सापडेल.